मातीच्या चार बोटं वर

एक आठवडा आमच्या घरातली चार मोठी माणसं मागच्या दारी, चादरीचा आडोसा करून, बादलीनं आंघोळ करत होती. बाथरूम रिकामं नव्हतं. तिथं लोखंडी रॅकवर दहा ट्रे होते, ट्रेमध्ये टोमॅटोची नऊशे रोपं होती आणि दाराला एक चिठ्ठी चिकटवलेली होती: 'उघडू नये. का, ते विचारू नये.' अक्षर माझ्या सासूबाईंचं. माझा नवरा पहिल्या दिवशी टॉवेल खांद्यावर टाकून दारापर्यंत गेला, चिठ्ठी वाचली आणि मुकाट्यानं परत फिरला. हाच माणूस ऑफिसात पंचवीस जणांवर आवाज चढवतो.

मी या घरात सून म्हणून आले त्याला अकरा वर्षं झाली. दाताच्या दवाखान्यात मदतनीस आहे. हत्यारं निर्जंतुक करणं, डॉक्टरांच्या हातात ती वेळेवर देणं आणि घाबरलेल्या माणसांना 'आ करा' सांगणं हे माझं काम. नवरा म्हणतो मी तापट आहे. मी तापट नाही, मला ढिसाळपणा खपत नाही, एवढंच. सासूबाईंशी माझं जमलं तेही यावरच. त्यांना मी आई म्हणते, सासऱ्यांना बाबा. हे लिहितेय ते आईंबद्दल, त्यांच्या परवानगीशिवाय. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, 'तुला काही काम नाही का?'

आई लहान चणीच्या आहेत, माझ्या खांद्याला जेमतेम लागतात. बोलतात कमी, आणि बोलल्या की समोरच्याला उत्तर सुचत नाही. टोमॅटोशी त्यांचा संबंध उशिरा आला. त्याआधी तीस वर्षं त्या रफू करायच्या. त्यांच्या वडिलांचा तोच धंदा होता. इस्त्रीनं जळलेली बाही, खिळ्याला अडकून फाटलेला कोट, उंदरानं कुरतडलेली शाल, असलं काहीबाही घेऊन लोक यायचे. आई त्याच कापडाच्या दुमडीतून धागे काढायच्या आणि उभ्याआडव्या विणीत ते असे बसवायच्या की भोक होतं कुठं ते कळू नये. काम झालं की कापड गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "शोधा." गिऱ्हाइकाला जोड सापडली तर आई पुन्हा उसवून बसायच्या. दोनदाच सापडली होती म्हणे, आणि त्यातला एक चष्मे विकणारा होता.

पुढे काळ्या कापडावरचा काळा धागा त्यांना दिसेनासा झाला. आणि लोकही फाटलेलं दुरुस्त करायचं सोडून नवं घ्यायला लागले. तेव्हा आईंनी सुईचा डबा बंद केला आणि बाबांना सांगितलं, "मला मागची जागा द्या. मी एक पॉलिहाऊस घालते."

बाबा जन्माचे टोमॅटोवाले. त्यांचं एक पॉलिहाऊस होतंच, त्याला आम्ही 'पुढचं' म्हणतो. आईंचं झालं ते 'मागचं'. पुढच्यात बाबांचा कारभार, मागच्यात आईंचा. बी कुठलं आणायचं, दोऱ्या कशा बांधायच्या, तोडा कधी करायचा, सगळं त्या ठरवणार. घरात इतर सगळीकडे शेवटचा शब्द बाबांचा असतो. टीव्ही कुठं ठेवायचा इथपासून मी स्कूटर कुठली घ्यायची इथपर्यंत. म्हणून मागच्याच्या दारातून आत जाताना आईंची मान जराशी वर व्हायची. मी ते पाहिलंय. त्या नाही म्हणतील.

आणि एक नियम होता, जो कुणी कधी केला नव्हता. बाबा मागच्याबद्दल काही विचारत नसत आणि आई आपण होऊन काही सांगत नसत. विचारणं बाबांना कमीपणाचं वाटायचं आणि सांगणं आईंना. मागचं यायच्या आधीपासून, चाळीस वर्षं, दोघांचं असंच उत्तम चाललं होतं.

मग मागच्या हाऊसच्या मातीत मर शिरली. मर म्हणजे टोमॅटोचा असा रोग की सकाळी ठणठणीत असलेलं झाड संध्याकाळी मान टाकतं आणि पुन्हा उठत नाही. तो मातीत बसून राहतो आणि मुळांतून वर चढतो. तीन वर्षं आईंची निम्मी झाडं तशी गेली. त्यावर कडी म्हणजे एक दिवस पाणीपुरवठ्याचं पत्र आलं. तलावात साठा कमी, यंदा सगळ्यांचं पाणी पाव हिश्शानं कापलंय.

बाबांनी चहा पिता पिता हिशोब मांडला. पुढच्याला पूर्ण पाणी दिलं तर मागच्याला निम्मंच उरतं. "निम्म्या पाण्यात टोमॅटो येत नाही," ते म्हणाले. "त्यात तुझी माती खराब. मागचं बंद करू. प्लॅस्टिक, पाइप उतरवून पुतण्याला देऊन टाकू. त्याला कोंबड्यांच्या शेडला हवंच आहे."

बाबांचा स्वभाव इथं सांगायला हवा, नाहीतर ते दुष्ट वाटतील. ते अजिबात दुष्ट नाहीत. पाण्याच्या बाबतीत तर इतके सढळ, की पाहुण्याला पेला देताना तो बशीत सांडल्याशिवाय त्यांना भरल्यासारखा वाटत नाही. झाडाला अर्धपोटी ठेवायचं ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. त्यापेक्षा लावूच नये असं त्यांचं प्रामाणिक मत.

आईंनी कप खाली ठेवला. "एक हंगाम द्या," त्या म्हणाल्या. "निम्म्याच पाण्यात करून दाखवते."

"आणि नाही झालं तर?"

"तर उतरवा. मागच्याच्या पाइपवर मीटर बसवा. निम्म्याच्या वर एक बादली जरी मागितली तरी उतरवा. पीक धड आलं नाही तरी उतरवा. मी ब्र काढणार नाही."

बाबांनी मीटर बसवला. पुतण्याला निरोपही पाठवला की हंगाम संपला की ये. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण आईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली तर आई डबा घेऊन मागच्या सीटजवळ उभ्या. "मला रोपवाटिकेत सोड," म्हणाल्या. आमच्या दवाखान्याच्या वाटेवर एक मोठी रोपवाटिका आहे. तिथं लांबलचक टेबलांवर बायका टोमॅटोची कलमं करतात हे आईंनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. आठ दिवस मी त्यांना सोडत होते आणि आणत होते. तिथल्या मालकीणबाईंनी त्यांना पहिल्या दिवशी नुसतं बघायला बसवलं, तिसऱ्या दिवशी हातात ब्लेड दिलं आणि सातव्या दिवशी कामावर राहता का म्हणून विचारलं.

कलमाचं तंत्र सांगायला सोपं आहे. रानटी जातीचं एक रोप घ्यायचं, ज्याची मुळं दांडगी, खोल जाणारी आणि ज्याला मर लागत नाही. त्याला खुंट म्हणतात. त्याचा वरचा भाग तिरका कापून टाकायचा. आपल्या चांगल्या टोमॅटोचं रोपही तसंच तिरकं कापायचं आणि त्याचा शेंडा खुंटावर बसवायचा. दोन्ही देठांची जाडी सारखी हवी, काप एकमेकांवर बरोबर टेकायला हवेत. वर एक नखाएवढी रबरी क्लिप लावायची. जोड धरली की एकच झाड होतं, खाली रानटी आणि वर आपलं. देठ असतो काडेपेटीच्या काडीएवढा. मला वाटलं होतं आईंच्या डोळ्यांना जमणार नाही.

"कसं होतं?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"रफूच आहे," आई म्हणाल्या. "कापड तेवढं ओलं."

घरी केलेली पहिली साठ रोपं मात्र तीन दिवसांत कोलमडली. आईंनी हात टेकले नाहीत, पण रात्री जेवल्या नाहीत. मी ट्रे बघितला आणि मला लगेच कळलं. सगळी साठ रोपं त्यांनी एकाच ब्लेडनं कापली होती. ते ब्लेड मधूनमधून पदराला पुसलं होतं. मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी ब्लेडचा खोका आणि स्पिरिटची बाटली घेऊन आले. विकत आणली, दवाखान्यातून नाही. आमच्या डॉक्टरांनी हे वाचलं तर कृपया नोंद घ्यावी. मग मी टेबलाच्या एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला. दर वीस रोपांना ब्लेड बदलायचं, हात पुसायचे, बोलायचं नाही. दवाखान्यात डॉक्टर कधी कधी विनोद करतात. इथं तेही नव्हतं.

दुसरी चूक म्हणजे रोपं उघड्यावर ठेवली होती, आणि ताज्या कलमाला वारा चालत नाही. आठवडाभर दमट, उबदार, अंधारी जागा लागते. जखम भरेपर्यंत पानातनं पाणी उडता कामा नये. घरात अशी एकच जागा होती. म्हणून ती चिठ्ठी, म्हणून ती चादर आणि म्हणून माझ्या नवऱ्याला सात दिवस झालेली सर्दी.

आठव्या दिवशी सकाळी आईंनी बाथरूमचं दार बोटभर उघडलं. नवव्या दिवशी वीतभर. दहाव्या दिवशी पूर्ण. नऊशेतली आठशे चौसष्ट रोपं ताठ उभी होती, प्रत्येकाच्या गळ्यात क्लिप. आईंनी ती दोनदा मोजली. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारली, आणि त्या म्हणाल्या, "बाजूला हो, ट्रे कलंडेल."

लावणी आईंनी आणि मी केली. आठ ओळी, प्रत्येकीत शंभरावर झाडं. प्रत्येक रोपाची जोड मातीच्या चार बोटं वर. आई खरोखर चार बोटं आडवी धरून बघायच्या. प्रत्येक ओळीला ठिबकच्या दोन नळ्या होत्या, एक झाडांच्या डावीकडून, एक उजवीकडून. ही त्यांनी रोपवाटिकेतून आणलेली दुसरी विद्या. चार दिवस फक्त डावी नळी चालू, पुढचे चार दिवस फक्त उजवी. दोन्ही एकदम कधीच नाही. दाराशी पाटी टांगली आणि तिच्यावर खडूनं लिहिलं, 'डावी'.

"असं का?" मी विचारलं. मी विचारू शकते, मी सून आहे.

"एका बाजूची मुळं तहानलेली राहिली की ती वर निरोप धाडतात, जपून खर्च करा म्हणून. पानं पाणी उडवायचं कमी करतात. पण दुसऱ्या बाजूची मुळं पीत असतात, म्हणून झाड काही मरत नाही. काटकसर शिकतं."

"आणि आपल्या घरात कोण शिकणार?"

आईंनी पुढच्या हाऊसकडे बघितलं. तिथं बाबांनी कॉक पूर्ण सोडला होता आणि स्वतः समाधानानं पाण्याचा आवाज ऐकत उभे होते.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग आईंच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि आई आठ दिवस तिच्याकडे गेल्या. जाताना मला पाटीवर डावीचं उजवी कधी करायचं ते सांगितलं. बाबांना काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंच नव्हतं.

आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा फावडं घेऊन मागच्यात शिरले. दोन दिवस ते बाहेर आले ते फक्त जेवायला. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून दाखवलं. आठही ओळींना मातीची भर दिली होती, सरळ रेषेत, हातानं थापून गुळगुळीत केलेली. टोमॅटोवाले असंच करतात. देठ जितका मातीत जाईल तितकी जास्त मुळं फुटतात आणि झाड भक्कम होतं, हे बाबांनी आयुष्यभर केलं होतं. ती चार बोटं फक्त लावणीपुरती असतील असं मी धरून चालले होते, आणि ही भर मला फार सुंदर वाटली. मी तोंड भरून कौतुक केलं आणि त्यांना चहा करून दिला. आठशे झाडांवर माती चढली आणि वर माझा चहा, म्हणजे या गुन्ह्यात मीही सामील होते.

आई परत आल्या त्या चप्पल न काढता थेट मागच्यात गेल्या. त्यांच्या मागे बाबा, बाबांच्या मागे मी. कौतुक ऐकायला.

आई पहिल्या ओळीच्या टोकाला थांबल्या. ओळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकली. मग म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

"कोण करणार? मीच," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "तुझी ती जोड सगळीकडे उघडी पडली होती. बघवेना. तू रफूवाली, जोड दिसलेली तुला चालत नाही. म्हटलं येईपर्यंत झाकून ठेवू. आता शोध, सापडते का."

आई खाली बसल्या. बोटांनी एका झाडाची माती बाजूला केली. क्लिप दिसली, जोड दिसली आणि जोडीच्या वरून बारीक पांढरी मुळं फुटून मातीत शिरलेली दिसली. रानटी खुंटाची नव्हेत, वरच्या झाडाची. आईंनी त्यांना बोट लावलं.

"या कापडात जोड दिसायला हवी हो," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी आम्हाला समजावलं, अगदी हळू आवाजात. कलम मातीत गेलं की वरचं झाड स्वतःची मुळं सोडतं. खालचा खुंट नुसता नावाला राहतो. वरची मुळं उथळ असतात, त्यांना भरपूर पाणी लागतं, आणि मातीतली मर त्यांच्यातून सरळ वर चढते. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते सगळं मातीमोल. बाबांचा चेहरा बघवत नव्हता. एवढा मोठा माणूस, हातात फावडं असल्यासारखे हात तसेच धरून उभा होता आणि हातात काही नव्हतं.

"मला सांगायचंस तरी," ते म्हणाले.

"तुम्ही विचारायचंत तरी," आई म्हणाल्या. दोघंही खरं बोलत होते.

मला राहवेना. स्वयंपाकघरात गेल्यावर मी भांडी आपटायला लागले तेव्हा आई म्हणाल्या, "त्यांनी माझ्यासाठी केलं. ओरडू कुठल्या तोंडानं? चमचे काढ."

"चमचे?"

"फावड्यानं क्लिप तुटतील. घरातले सगळे चमचे काढ."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात आमटी वाढायला चमचा उरला नाही. आई, मी, रजा टाकलेला माझा नवरा आणि बाबा, चौघं गुडघ्यांवर बसून एकेका झाडाभोवतीची माती चमच्यानं काढत होतो. माती काढायची, वरची पांढरी मुळं ब्लेडनं छाटायची, ब्लेड स्पिरिटनं पुसायचं, पुढचं झाड. ब्लेड पुसण्यावर माझी देखरेख होती आणि तिथं मी सासऱ्यांचाही मुलाहिजा ठेवला नाही. बाबा सगळ्यांत आधी येत आणि सगळ्यांत शेवटी उठत.

चौथ्या दिवशी सात ओळी झाल्या आणि आठव्या ओळीच्या सुरुवातीलाच बाबांची कंबर धरली. ते वाकलेले तसेच राहिले. नवऱ्यानं आणि मी त्यांना उचलून खाटेवर नेलं. तरी ते म्हणत होते, एक ओळ राहिलीय. आईंनी त्यांच्या कमरेला तेल लावलं. "राहू दे ती ओळ," त्या म्हणाल्या. "तुमची म्हणून राहू दे."

झाडं पुन्हा धरली की नाही हे कळायला महिना गेला. दोऱ्यांवरून ती वर चढली, फुलं आली, बोराएवढी फळं धरली. आणि नेमका तेव्हा उन्हाचा तडाखा सुरू झाला. बाजूचे पडदे पूर्ण गुंडाळले तरी आत भट्टी. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सुट्टीवर होते. मागच्यात डोकावले. आठही ओळींची पानं खाली लोंबत होती.

बाबा कॉकपाशी उभे होते. कंबर पट्ट्यानं आवळलेली, एक हात कॉकवर. फिरवला मात्र नव्हता.

"आई," मी म्हणाले, "एक दिवस दोन्ही नळ्या सोडू या. मरतील ती."

"मीटर दिसतोय ना तुला? आजच्या वाट्याला भिडलाय. आजची डावी झाली. आता एक बादली मागितली की मागचं गेलं."

"मी नाही धरणार तो मीटर," बाबा म्हणाले. हे त्यांनी इतक्या पटकन म्हटलं की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "मी विसरतो ते. दे पाणी."

आईंनी पानं बघितली. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घातलं. "दुपारी माणूसही आडवा होतो," त्या म्हणाल्या. "झाडाचं खरं काय ते सकाळी कळतं. सकाळी उठलं नाही तर चुकलं माझं. मग तुम्ही म्हणाल तसं."

सकाळी उजाडताच मी मागच्यात गेले तर बाबा आधीच तिथं होते. हातात चहाचा कप, चहा तसाच. सात ओळी ताठ उभ्या होत्या. पानं आडवी पसरलेली, शेंडे वर. जणू काल काही झालंच नव्हतं. आठवी ओळ, ती भर न काढलेली, जशीच्या तशी लोंबत होती.

बाबा पहिल्या ओळीपासून आठवीपर्यंत चालत गेले, आणि परत आले. पुन्हा गेले. मग आठव्या ओळीपाशी जरा कष्टानं बसले, एका झाडाची माती हातानं काढली आणि ती वरची मुळं बघत राहिले. आता ती सुतळीएवढी झाली होती.

आठवी ओळ पुढच्या पंधरा दिवसांत मर लागून गेली. बाबांनी ती स्वतः उपटली, एकेक झाड पोत्यात घालून लांब नेऊन जाळलं. उरलेल्या सात ओळींना मर शिवली नाही. तोडा सुरू झाला तेव्हा आम्हाला क्रेट कमी पडले. फळं आकारानं नेहमीपेक्षा किंचित लहान होती, पण इतकी गोड, की बाबा स्वतःच्या हाऊसमधला टोमॅटो सोडून मागच्यातला खायला यायचे. मिठाची पुडी खिशात ठेवायचे आणि कुणी बघितलं की फळ कसं आलंय ते तपासतोय असं दाखवायचे. मीटर शेवटच्या दिवशी निम्म्याच्या रेषेला टेकून थांबला. एक बादलीही वर नाही.

हंगाम संपला आणि बोलावल्याप्रमाणे पुतण्या आला. माझा चुलत दीर. हातात मोजायची टेप, बाहेर छोटा टेम्पो. आई अंगणात क्रेट धुवत होत्या. बाबा खुर्चीवर बसले होते.

"काका, मागचं आजच उतरवू का?" त्यानं विचारलं. "शेडची माणसं थांबलीत."

मी भांडं हातात धरून दारात थांबले. आईंनी क्रेट धुणं थांबवलं नाही, पण पाण्याचा आवाज कमी झाला.

"मला कशाला विचारतोस?" बाबा म्हणाले. "हाऊस तिचं आहे. तिला विचार."

अकरा वर्षांत हे वाक्य मी या घरात ऐकलं नव्हतं. पुतण्यानं एकदा काकांकडे, एकदा काकूंकडे बघितलं. "काकू?"

आईंनी ओले हात पदराला पुसले. "उतरव की," त्या म्हणाल्या. माझ्या हातातलं भांडं दारावर आपटलं. "प्लॅस्टिक जुनं झालंय, कोपऱ्यात फाटलंयही. कोंबड्यांना चालेल. आम्हाला नवं घालायचंय. पाइपला मात्र हात लावू नकोस."

पुतण्या जुनं प्लॅस्टिक घेऊन खूश होऊन गेला. जाताना मी त्याला टोमॅटोची पिशवी दिली, कारण मी तापट असले तरी मनानं चांगली आहे.

यंदा आमच्या बाथरूममध्ये पुन्हा नऊशे रोपं राहून गेली. नवऱ्यानं आधीच सर्दीचं औषध आणून ठेवलं होतं. लावणीच्या दिवशी मी सुट्टी घेतली. नव्या प्लॅस्टिकखाली उजेड स्वच्छ पडला होता. आई पहिल्या ओळीत, मी दुसऱ्या. थोड्या वेळानं बाबा आले. पट्टा बांधलेला, चप्पल दाराबाहेर काढलेली. विचारल्याशिवाय त्यांनी आठव्या ओळीपाशी बसकण मारली, ट्रेमधून एक रोप काढलं आणि खड्ड्यात धरलं. पण माती ओढली नाही. डाव्या हाताची चार बोटं त्यांनी जमिनीवर आडवी ठेवली, जोड त्यांच्या वर आणली आणि मान वळवून हाक मारली.

"अगं, एवढं पुरे का? बघ जरा."

आई हातातलं रोप ठेवून उठल्या. आठव्या ओळीपर्यंत चालत गेल्या आणि बाबांच्या शेजारी वाकल्या. आईंची बोटं बाबांच्या बोटांच्या मानानं बरीच बारीक आहेत, हे आईंच्याही लक्षात आलं असावं.

"तुमच्या हातानं तीनच पुरतात," त्या म्हणाल्या.

बाबांनी एक बोट काढून घेतलं आणि रोप तेवढं खाली घेतलं. मग पुढचं रोप धरलं, आणि पुन्हा विचारलं.